विष लाकडात मुरवणारा शास्त्रज्ञ

उमरीकडच्या जुन्या माळवदाच्या घरात खांब सहसा मातीत रोवत नाहीत. खाली दगडी तळखडा देतात. शेताच्या कुंपणाचा जुना खांब उपटला की यामागचे कारण कळते. वरचे लाकूड ठणठणीत, पार खालचे टोकही बऱ्यापैकी, पण जमिनीलगतची वीतभर जागा अशी भुसभुशीत की चाकूचे पाते सहज आत शिरावे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. त्या दोन्ही तिथेच मिळतात. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली, तर बुरशीचे काही चालत नाही.

किनवटच्या सागाच्या गाभ्यात निसर्गतःच अशी द्रव्ये असतात की वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. पण सगळीकडे साग कुठून आणणार? तारेच्या खांबाखाली आणि रेल्वेच्या स्लीपरखाली तळखडाही देता येत नाही. स्वस्त लाकूड टिकवायचे, तर त्यात विष भरणे आले. डांबरी क्रिओसोट होते, पण चिकट आणि उग्र वासाचे. पाण्यात विरघळणारे क्षार स्वच्छ खरे, मात्र जे पाण्याबरोबर लाकडात जाते, ते पावसाबरोबर बाहेरही येते.

हा पेच सोडवला डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंती कामेसम या तेलुगू शास्त्रज्ञाने, 1933 साली. तांबे बुरशीसाठी, किड्यांसाठी आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशीसाठी आर्सेनिक. या दोघांना त्यांनी क्रोमियमची जोड दिली आणि खरी करामत तिथेच होती. बंद टाकीत लाकूड ठेवून आधी आतली हवा खेचून घेतात, मग दाबाखाली द्रावण भरतात. लाकडातल्या घटकांशी क्रोमियमची प्रक्रिया होते, त्याचे रूप पालटते आणि तांबे-आर्सेनिकाची न विरघळणारी संयुगे तंतूंत अडकून बसतात. 1938 मध्ये कामेसम यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. पुढे जगभरचे खांब, धक्के, कुंपणे या हिरवट लाकडाची झाली.

विष मुरले, तरी ते विषच. थोडे आर्सेनिक झिरपतेच, हे दिसून आल्यावर अमेरिकेतल्या उत्पादकांनी 2003 अखेर घरगुती वापरासाठी हे लाकूड बनवणे थांबवले. खांबांसाठी ते पुढेही चालू राहिले.

यातून घर बांधणाऱ्याने घ्यायचा धडा सोपा आहे. छपराखालच्या कोरड्या लाकडाला तळखडा आणि वारा पुरतो. फार तर बोरॅक्स-बोरिक आम्लाचा हात द्यावा. ते पावसात धुपते, घरात टिकते. जालीम औषध मातीत उभ्या राहणाऱ्या खांबापुरते ठेवावे. आणि असा जुना खांब निकामी झाला, त्याचा हिरवा रंग उडाला, तरी तो चुलीत घालू नये: धुरात आणि राखेत आर्सेनिक असते, आणि त्याच राखेने आपण भांडी घासतो.