एकच मजकूर; आधी बातमी, मग जाहिरात
भांबराजाच्या कापसाने वाचकाला शिकविलेले धडे

यवतमाळ : वृत्तपत्रातील मजकूर खरा की खोटा, एवढाच प्रश्न वाचक सहसा विचारतो. तो कोणाच्या सोयीने लिहिला गेला, त्यात कोणाला बोलू दिले गेले आणि तो पुन्हा छापण्याची गरज कोणाला भासली, हे प्रश्न मात्र मागेच राहतात. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा या कापूस पिकविणाऱ्या गावाबद्दल २००८ ते २०१२ या काळात जे छापून आले, त्यातून हे सर्व प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. माध्यमांकडे चिकित्सक दृष्टीने पाहावे, असा उपदेश नेहमीच केला जातो. ते प्रत्यक्षात कसे करायचे, हे या एका उदाहरणावरून समजून घेता येते.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांविषयी पानभर वृत्तांत प्रसिद्ध झाला. बीटी कापसामुळे या गावांचा सामाजिक व आर्थिक कायापालट झाला, शेतकरी समृद्ध झाले आणि येथे आत्महत्या नाहीत, असा त्याचा आशय होता. पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. आत्महत्यांचा जिल्हा म्हणून देशभर ओळखल्या जाऊ लागलेल्या यवतमाळातून आलेली ही बातमी दिलासा देणारी होती. यवतमाळचा हा दौरा महिको मोन्सॅन्टो बायोटेक या बियाणे तंत्रज्ञान कंपनीने आयोजित केला होता, असा उल्लेखही त्या मजकुरासोबत होता.

तोच मजकूर, शब्दाचाही फरक न करता, २८ ऑगस्ट २०११ रोजी त्याच दैनिकात पुन्हा अवतरला. या वेळी तो जाहिरात म्हणून आला होता. मात्र तसे सांगणारी अक्षरे पानाच्या कोपऱ्यात शोधावी लागत होती. त्यानंतरच्या काही दिवसांत कंपनीच्या इतर जाहिरातीही झळकल्या. भारतीय जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरण विधेयक संसदेच्या पावसाळी अधिवेशनात मांडले जाणे लांबले होते, तो हाच काळ.

ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'तून हा प्रकार उजेडात आणला. त्यातील एक तपशील विशेष बोलका आहे. २००८ चा वृत्तांत नागपूर आवृत्तीत आला होता; २०११ चे जाहिरातवजा पान अनेक आवृत्त्यांत आले, पण नागपूर आवृत्तीत आले नाही. भांबराजाला एसटीने जाऊन खातरजमा करू शकणारा वाचक ज्या आवृत्तीचा होता, नेमकी तीच आवृत्ती वगळली गेली होती.

कंपनीची बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. २००८ चा वृत्तांत हा माध्यमांच्या भेटीतून तयार झाला, तो वृत्तपत्राच्या संपादकीय विभागातील सहकाऱ्याने लिहिला आणि कंपनीने केवळ शेतांपर्यंतच्या प्रवासाची सोय केली, असे तिचे म्हणणे होते. २०११ चे पान हे त्याच वृत्तांताचे, काहीही न बदलता केलेले पुनर्मुद्रण होते, असेही तिने सांगितले. त्या काळातील दुसऱ्या एका जाहिरातीत या तंत्रज्ञानाने कापूस उत्पादकांचे उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांहून अधिक वाढविल्याचा दावा होता. त्याविरुद्ध तक्रार झाल्यावर, दावे पुराव्यानिशी सिद्ध झालेले नाहीत, असा निष्कर्ष भारतीय जाहिरात मानक परिषदेने काढला.

बातमी, दौरा आणि जाहिरात

या प्रकरणात 'पेड न्यूज' हा शब्द सहज ओठांवर येतो. पण शब्द वापरतानाही काटेकोरपणा हवा. रोख रकमेच्या किंवा अन्य मोबदल्याच्या बदल्यात प्रसिद्ध होणारी बातमी वा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत निरनिराळ्या दैनिकांत सारखाच मजकूर वेगवेगळ्या नावांनी छापून आल्यानंतर या प्रथेची देशभर चर्चा झाली आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये त्यावर अहवाल तयार केला.

आयोजित दौरा ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. सरकारी खाती, कंपन्या, स्वयंसेवी संस्था, राजकीय पक्ष हे सारेच पत्रकारांना दौऱ्यावर नेतात. त्यात पैसे दिले-घेतले जात नाहीत. परंतु गाडी कोणत्या शेताच्या बांधावर थांबणार आणि पुढे येऊन कोण बोलणार, हे बहुतेक वेळा आयोजकच ठरवितो. लिहिणाऱ्याने पाहिलेले खरे असू शकते, फक्त ते अपुरे असते. तिसरा प्रकार बातमीच्या पेहरावातील जाहिरातीचा. तिथे पान विकत घेतलेले असते आणि तसे सांगितलेलेही असते, पण वाचकाच्या लक्षात येऊ नये इतक्या बेताने. या तिन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजले, तर टीका सोपी होते आणि समज मात्र वाढत नाही.

शून्य, नऊ की चौदा?

कृषीविषयक संसदीय स्थायी समितीचे खासदार मार्च २०१२ मध्ये या भागात आले. समितीचे अध्यक्ष होते बासुदेव आचार्य. भांबराजात त्यांना घेरून ग्रामस्थांनी सांगितले, की या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक बीटी आल्यानंतरच्या आहेत. बरीच जमीन पडीक आहे, काही जण सोयाबीनकडे वळले आहेत, अनेकांनी गाव सोडले आहे, असेही ते म्हणाले. 'द हिंदू'ला २००३ ते २००९ या काळातील नऊ आत्महत्यांची खातरजमा करता आली. नंतरच्या पाच आत्महत्या कार्यकर्त्यांच्या मोजणीतील होत्या.

छापील मजकुरात एकही आत्महत्या नाही, गावकऱ्यांच्या तोंडी मात्र चौदा! अशा वेळी आकडा कोणी मोजला आणि कोणत्या व्याख्येने मोजला, हे विचारावे लागते. शेतकरी आत्महत्यांच्या शासकीय नोंदीत 'पात्र' व 'अपात्र' असे दोन वर्ग असतात. जमीन कुटुंबाच्या नावे आहे का, कर्ज बँकेचे वा अधिकृत संस्थेचे आहे का, वसुलीचा तगादा होता का, या निकषांवर एक लाख रुपयांच्या मदतीसाठीची पात्रता ठरते. दुसऱ्याची जमीन बटाईने करणारा किंवा खासगी सावकाराच्या कर्जात बुडालेला शेतकरी या चाळणीतून गळू शकतो. बातमीतील आकडा पात्र प्रकरणांचा आहे, एकूण नोंदींचा आहे की गावाने सांगितलेला आहे, हे न कळता त्यावर वाद घालणे व्यर्थ असते.

उत्पादनाच्या आकड्यांचेही तसेच आहे. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी डिसेंबर २०११ मध्ये संसदेत विदर्भाची कापसाची सरासरी उत्पादकता हेक्टरी सुमारे १.२ क्विंटल सांगितली. हा आकडा रुईचा होता. शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस. शंभर किलो कापसातून साधारण ३५ किलो रुई निघते, हे लक्षात घेतले, तर तो हेक्टरी सुमारे साडेतीन क्विंटल आणि एकरी जेमतेम १.४ क्विंटल कापूस ठरतो. क्विंटलला ४,२०० रुपये भाव धरला, तरी एकरी सहा हजार रुपयेही हाती येत नाहीत. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचाईचा खर्च वेगळाच. रुई की कापूस, हेक्टर की एकर, ढोबळ की निव्वळ उत्पन्न, या तीन प्रश्नांनी समृद्धीच्या कितीतरी कथांचा कस लागतो.

मात्र हीच कसोटी आपल्याला पटणाऱ्या बाजूलाही लावावी लागते. 'बीटीनंतर आत्महत्या झाल्या' याचा अर्थ 'बीटीमुळे झाल्या' असा आपोआप होत नाही. याच काळात एकाधिकार कापूस खरेदी योजना मोडकळीस आली, शेतीचा खर्च वाढला आणि बहुतांश कापूस कोरडवाहूच राहिला. बीटी वाणात बोंडअळीला रोखण्याची क्षमता होती. पाऊस पाडण्याची किंवा भाव देण्याची नव्हती. २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर देशाचे कापूस उत्पादन वाढले, हेही खरे. आणि पुढे गुलाबी बोंडअळीने हे संरक्षण भेदले, हेही तितकेच खरे. २०१७ मध्ये त्या अळीने विदर्भात हाहाकार उडविला आणि त्याच हंगामात फवारणीतील विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले.

मतभेद कशाशी, माणसाशी की मुद्द्याशी?

बीटीचा वाद शेतकरी विरुद्ध शेतकरीविरोधी असा कधीच नव्हता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असलेच पाहिजे, अशी भूमिका घेतली. तणनाशकाला दाद न देणाऱ्या वाणाला परवानगी नसतानाही संघटनेने २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात त्याची जाहीर पेरणी केली. दुसरीकडे किशोर तिवारी यांच्या विदर्भ जनआंदोलन समितीने कोरडवाहू भागातील बीटीच्या प्रसाराला सातत्याने विरोध केला. दोघांचेही कार्यक्षेत्र शेतकऱ्यांचेच. एकाला 'कंपनीचा दलाल' आणि दुसऱ्याला 'प्रगतीचा शत्रू' ठरविले, की कोरडवाहू शेतात या वाणाचे गणित जुळते का, हा मूळ प्रश्न नाहीसा होतो.

आदर राखून चर्चा करणे म्हणजे मिळमिळीत बोलणे नव्हे. समोरच्याचा दावा त्याच्याच शब्दांत नीट मांडता येणे आणि मग त्याच्या पुराव्यावर बोट ठेवणे, असा त्याचा अर्थ आहे. आचार्य समितीत सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही बाजूंचे खासदार होते. जनुकीय बदल केलेल्या अन्नपिकांविषयीचा तिचा ऑगस्ट २०१२ मधील अहवाल मात्र एकमताचा होता. त्यातील शिफारशी अनेक शास्त्रज्ञांना पटल्या नाहीत आणि त्यांनी तसे उघडपणे सांगितले. चर्चा अशीच पुढे जाते.

ती कशी अडते, हेही यवतमाळने पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावण्यात आले होते. विरोधाच्या इशाऱ्यानंतर काही दिवस आधी ते निमंत्रण मागे घेण्यात आले. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला आणि अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. सहगल काय बोलणार, हे बहुतेकांनी निमंत्रण रद्द झाल्यावर, त्यांचे नियोजित भाषण प्रसिद्ध झाले तेव्हा वाचले. मत ऐकण्यापूर्वीच त्याला विरोध झाला, तर तो मताला झालेला विरोध ठरत नाही. अखेर आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी उद्‌घाटन केले आणि ज्यांच्याविषयी इतरच बोलत आले होते, त्यांच्यापैकी एक स्त्री स्वतः व्यासपीठावरून बोलली.

वाचकाच्या हाती काय?

शहरातील वाचकाला प्रत्येक गावी जाऊन खातरजमा करता येत नाही. पण पान उलटण्यापूर्वी काही गोष्टी नक्कीच तपासता येतात. लेखकाला तेथे कोणी नेले, हे सांगितले आहे का? पानाच्या कोपऱ्यात 'जाहिरात', 'प्रायोजित' किंवा तत्सम शब्द आहे का? बोलणारे सगळे एकाच बाजूचे आहेत का? आकड्याचे एकक आणि स्रोत दिला आहे का? हा मजकूर आजच का आला, या आठवड्यात कोणता निर्णय व्हायचा आहे? आणि सर्वांत अवघड प्रश्न : हीच बातमी आपल्या मताच्या विरुद्ध असती, तर आपण ती इतक्या सहजपणे मान्य केली असती का?

मोबाईलवर येणाऱ्या मजकुराला कोपरा नसतो, आवृत्ती नसते आणि पुष्कळदा लेखकाचे नावही नसते. तेथे हे प्रश्न अधिकच निकडीचे ठरतात. मात्र सगळीच माध्यमे विकाऊ, असा निष्कर्ष काढणे हाही आळसच. भांबराजाचे एक चित्र एका वृत्तपत्राने रंगविले आणि दुसरे चित्र दुसऱ्या वृत्तपत्रानेच समोर आणले. फरक पडला तो गावात जाऊन गावकऱ्यांना विचारल्याने. आपल्या गावाविषयी छापले गेलेले वाक्य देशाच्या प्रतिनिधींसमोर खोडून काढण्यासाठी त्या गावकऱ्यांना जवळजवळ साडेतीन वर्षे थांबावे लागले होते.