स्वस्त विजेची वेळ

सौर वीज महाग, कोळशाचीच परवडते, हे मलकापुरात अजून ठासून सांगितलं जातं. पंधरा वर्षांपूर्वी ते खरंही होतं. आज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतली वीज महावितरणला युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास पडते. नव्या औष्णिक केंद्राची वीज त्याहून महाग.

मग बिल का उतरत नाही? तीन रुपये हा उन्हातला भाव आहे. दिवेलागणीला सगळ्या घरांत बटणं दाबली जातात, तेव्हा पॅनेल बंद असतात. ती वेळ कोळसा आणि कोयना निभावून नेतात. शिवाय तारा, गळती यांचा खर्च बिलात येतोच.

शेतीपंपाची वीज 'फुकट' हाही असाच समज. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल नाही, पण ते पैसे राज्याच्या तिजोरीतून जातात. शाहूवाडीतल्या शेतकऱ्याला विचाराल तर त्याला आधी दिवसाची लाईट हवी. रात्री उसाला पाणी पाजायला गेल्यावर बांधावर गवा उभा असेल, तर फुकट युनिटचं काय करायचं? इथे स्वस्त आणि स्वच्छ यांचं भांडणच नाही: सौर वीज दिवसाच तयार होते आणि ऊसही दिवसा पाणी पितो.

छपरावरच्या सोलरबद्दलचा गैरसमज जरा खर्चिक आहे. केंद्राचं अनुदान तीन किलोवॅटला 78,000 रुपये मिळतं, म्हणून लोक पुढे येतात; आणि पहिल्याच वादळात लाईट गेली की सोलरही बंद! हा बिघाड नव्हे. वायरमन खांबावर चढलेला असताना घरातली वीज उलटी लाईनीत जाऊ नये, म्हणून साधा सोलर इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. अंधारातही दिवा हवा असेल तर बॅटरी घ्यावी लागते, आणि तिथे हिशेब बदलतो. बिलही अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच. एप्रिल-मेमधली शिल्लक युनिटं मात्र नेट मीटरवर पुढे ओढली जातात, ती पावसाळ्यात कामी येतात.

'आंबा घाटात ढग उतरले की स्वच्छ वीज संपली' हे अर्धंच खरं. सौर उत्पादन घटतं, साखर कारखान्यांची बगॅसवरची वीजही गाळप हंगामाबाहेर बहुतेक थांबते. पण सह्याद्रीच्या पठारांवरच्या पवनचक्क्या सगळ्यात जोरात फिरतात त्या जून ते ऑगस्टमध्येच.