कोप नव्हे, कारण!

धरणी हादरली की देवीचा कोप झाला म्हणणारे आपल्याकडे आजही भेटतात. अशांना आम्ही आइसलँडची गोष्ट सांगतो.

उत्तर ध्रुववृत्ताला लागून असलेला हा बेटांचा देश. पोटात आग, डोक्यावर बर्फ! त्याच्याखालील दोन भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. भेगांतून लाव्हारस वर येतो, थिजतो आणि डोंगर उभे राहतात. त्याच डोंगरांना घासत हिमनद्या खोल दऱ्या कोरतात. एक शक्ती घडवते, दुसरी झिजवते.

२३ जानेवारी १९७३ च्या पहाटे तेथील हैमाए बेटावर गावाच्या कडेलाच जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी सुदैवाने बंदरातच होत्या. सुमारे ५,३०० माणसे, बायकामुलांसह, काही तासांत बाहेर काढली गेली. शेकडो घरे गेली. लाव्हा बंदराचे तोंड बुजवू लागला. बंदर गेले म्हणजे पोट गेले! माणसे हात जोडून बसली नाहीत. त्यांनी पंप लावून महिनोन्महिने समुद्राचे पाणी लाव्हावर मारले, तो थिजवला. जुलैमध्ये उद्रेक थांबला, बंदर वाचले. पुढे त्याच तप्त लाव्हाच्या उष्णतेवर गावाने आपली घरे उबदार ठेवली.

कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. कारण कळले की भय सरते आणि हाताला काम सुचते. आपल्या मुलांना आपण नवस शिकवणार की भूगोल?