‘आढळले नाही’ म्हणजे नेमके काय?



मालात औषधाचा अंश नाही, असा प्रयोगशाळेचा दाखला परदेशी बाजारात मागितला जातो. राजुरा तालुक्यात आपण मुख्यतः कापूस-सोयाबीनवाले. पण मिरची आणि भाजीपालाही लावतोच. तेव्हा हा दाखला कसा तयार होतो, ते जाणून घेणे हिताचे आहे.

२०१० चा धडा

२०१० साली महाराष्ट्रातून युरोपला गेलेल्या द्राक्षांच्या कित्येक खेपा अडल्या. कारण होते क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे वाढ रोखणारे सीसीसी. कपाशीची फाजील वाढ आवरायला आपल्याकडेही ते वापरतात. तेव्हा युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे हजार टन द्राक्षांत अवघे ५० ग्रॅम! माल निघण्यापूर्वी तपासला गेला होता, पण तपासणीच्या यादीत हे नावच नव्हते. जे शोधलेच नाही, ते सापडणार कसे?

यंत्र काय करते?

नमुना वाटून त्याचा अर्क काढतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात सोडतात. यंत्र रेणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वजनावरून त्यांना ओळखते. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेत अशाच यंत्रांवर अंशांची तपासणी चालते.

या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक फक्त यादीतील औषधांचीच नोंद घेते. दुसरे आत आलेल्या बहुतेक सर्व रेणूंची नोंद घेऊन ठेवते. ही झाली कच्ची नोंद.

कच्ची चिठ्ठी जपा

कापूस विकताना काट्यावरची कच्ची चिठ्ठी आपण जपतो. हिशेबपट्टीत भाव चुकला, तर चिठ्ठीवरून हिशेब पुन्हा मांडता येतो. जिनिंगमध्ये गेलेला कापूस मात्र परत तोलता येत नाही. इथेही तसेच आहे. द्राक्षे केव्हाच विकली गेली, पण कच्ची नोंद संगणकात शिल्लक असेल, तर उद्या यादीत नवे नाव आले तरी जुन्या नोंदीत ते शोधता येते.

हिशेबात मात्र एक मेख आहे. यंत्राच्या आलेखावर उंचवटे उमटतात. उंचवटा कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे माणसाने हाताने ठरवले, तर दोघांचे आकडे वेगळे येऊ शकतात. मर्यादेच्या काठावरचा माल मग एकाकडे पास, दुसऱ्याकडे नापास! म्हणून आता संगणकाची आज्ञावली हे काम ठरलेल्या नियमांनी आपोआप करते. कोणती आज्ञावली, तिची कितवी आवृत्ती, कोणते नियम, हे सारे ती नोंदवून ठेवते. जर्मनीत विकसित झालेली ओपनएमएस ही अशीच, सर्वांना विनामूल्य खुली. तीच नोंद आणि तेच नियम घेतले, तर पुण्यात काय नि परदेशात काय, उत्तर एकच यावे, हा त्यातला हेतू. वाद निघाल्यास शेतकऱ्याच्या हाती पुरावा राहतो.

पण ही जादू नव्हे. अर्कात जे उतरलेच नाही, ते मागाहून कोणतीही आज्ञावली शोधू शकत नाही. सीसीसी पाण्यात सहज विरघळते. नेहमीच्या पद्धतीच्या अर्कात ते नीट उतरत नाही, त्यासाठी वेगळी पद्धत लागते.

आपण काय करावे?

१) फवारणीची वही ठेवा. औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख लिहा.
२) नमुना देताना वापरलेल्या प्रत्येक औषधाचे नाव प्रयोगशाळेला सांगा.
३) कोणकोणती औषधे तपासली, त्यांची यादी दाखल्यासोबत मागून घ्या.
४) कच्ची नोंद किती दिवस जपून ठेवतात, तेही विचारा.
५) लेबलवर दिलेले, फवारणी ते तोडणी यांमधले दिवस पाळा.

‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘मुळीच नाही’ असा नव्हे. जे शोधले, ते यंत्राला दिसण्याइतके सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र कितीही बारीक तोलणारे असो, शेतात काय फवारले हे पहिल्याने ठाऊक असते ते तुम्हालाच.