वैद्यकीय प्रयोगशाळेतील स्वयंचलन : यंत्राची अचूकता आणि माणसाची जबाबदारी

प्रस्तावना :
रोगनिदान व उपचार यांविषयीचे अनेक निर्णय रक्ततपासणीच्या अहवालावर अवलंबून असतात. अहवालातील आकडा यंत्राने दिलेला असला की तो निर्विवाद मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. हा विश्वास कितपत सार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वयंचलनाचा विकास :
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तपेशी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजल्या जात. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये पेशीमोजणीच्या नव्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले. क्षारयुक्त द्रावणातील पेशी सूक्ष्म छिद्रातून जाताना तेथील विद्युतरोध क्षणभर वाढतो. अशा स्पंदांवरून पेशींची संख्या, तर स्पंदाच्या उंचीवरून पेशीचे आकारमान कळते. रासायनिक तपासण्यांसाठी लिओनार्ड स्केग्ज यांनी विकसित केलेला ‘ऑटोअ‍ॅनालायझर’ टेक्निकॉन कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणला. त्यात नमुने एकामागोमाग एक नळीतून वाहत व हवेचे बुडबुडे त्यांना परस्परांत मिसळू देत नसत. पुढे १९८० च्या दशकात जपानमधील कोची येथे मासाहिदे सासाकी यांनी नमुन्यांची ने-आणही सरकपट्टे व यंत्रमानव यांच्यावर सोपविली.

चुका कोठे होतात?
स्वयंचलनामुळे वेग वाढला व मोजमापातील व्यक्तिगणिक फरक कमी झाला. तथापि, इटलीतील पाडुआ येथील तातडीच्या तपासण्यांच्या प्रयोगशाळेविषयी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलेल्या चुकांपैकी ६८.२ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच्या होत्या. प्रत्यक्ष मोजमापातील चुका केवळ १३.३ टक्के होत्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथीलच अभ्यासात हे प्रमाण अनुक्रमे ६१.९ व १५ टक्के आढळले.

याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील पोटॅशियम बाहेर येते. यंत्र ते अचूक मोजते. परंतु तो आकडा रुग्णाच्या शरीरातील स्थिती दाखवीत नाही. आधुनिक यंत्रे अशा नमुन्याचा रंग ओळखून इशारा देतात; मात्र त्याची दखल माणसानेच घ्यावयाची असते. तसेच, काही व्यक्तींच्या रक्तातील प्लेटलेट ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळे नळीतच परस्परांना चिकटतात व यंत्र त्यांची संख्या कमी दाखवते. डेंग्यूच्या साथीत असा आकडा रुग्णाच्या कुटुंबाची अकारण धावपळ घडवू शकतो. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास हे पुंजके दिसतात. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन बहुधा खरी संख्या मिळते. बारकोड चुकीच्या नळीवर चिकटवला गेल्यास तर एका रुग्णाचा अचूक अहवाल दुसऱ्याच्या नावे जातो.

निष्कर्ष :
यंत्र नमुना मोजते. तो कोणाचा आहे व कसा घेतला गेला, याची शहानिशा माणसाने करावयाची असते. म्हणून स्वयंचलनाने तंत्रज्ञाचे काम संपलेले नसून त्याचे स्थान बदललेले आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात यंत्र चालविण्याइतकेच महत्त्व रक्त घेण्याच्या पद्धतीस, रुग्णाची ओळख पटविण्यास आणि काचपट्टी वाचण्याच्या कौशल्यास देणे आवश्यक आहे.