चांदीची अंगठी काळी का पडते?

माझ्या आजीच्या बोटात मोती बसविलेली चांदीची एक अंगठी असे. आजोबांनी ती चारमिनारजवळच्या बाजारातून लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस आणली होती. एका पावसाळ्यात ती हळूहळू काळवंडली. शेजारच्या एका वृद्धेने सांगितले की, अंगठी काळी पडणे हे ग्रहपीडेचे लक्षण होय. ती मुसी नदीत सोडून द्यावी. आजीस तेवढे धैर्य होईना. मग दुसऱ्या कोणी सुचविल्यावरून ती अंगठी रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवली व सकाळी घासली. चांदी बरीचशी उजळली. परंतु मोत्याचे तेज कायमचे गेले. चांदीचे व मोत्याचे गुणधर्म घरात कोणास ठाऊक असते, तर ही हानी टळली असती. म्हणूनच, विद्यार्थी मित्रहो, या धातूचा थोडा परिचय करून घेऊ.

चांदीस संस्कृतात रजत किंवा रूप्य म्हणतात. रूप्य शब्दावरूनच आपले 'रुपे' आणि आपला 'रुपया' हे शब्द आले. चांदी हे मूलद्रव्य असून तिचा अणुक्रमांक 47 आहे. ती पाण्याच्या साडेदहा पट जड असते व सुमारे 962 अंश सेल्सिअस उष्णतामानास वितळते. उष्णता आणि वीज यांचे वहन करण्यात सर्व धातूंमध्ये तिचा क्रमांक पहिला लागतो. तांबे तिच्या खालोखाल. चांदीची अंगठी घालताना क्षणभर थंड लागते आणि लगेच बोटाइतकी उबदार होते, याचे कारण हेच.

अंगठी घडविणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने चांदीचे दोन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला तिचा मऊपणा. ठोकून तिचा वर्ख करता येतो आणि ओढून केसासारखी तार काढता येते. आपल्या तेलंगणातील करीमनगरचे कारागीर अशाच बारीक तारांना पीळ देऊन त्यांचे जाळीकाम करतात. खडा बसविताना कारागीर प्रथम त्याच्या मापाचे कोंदण घडवितो, त्यात खडा ठेवतो आणि कोंदणाची कड हत्याराने हलकेच दाबून खड्यावर वळवितो. धातू कठीण असता, तर एवढ्या दाबाने मोती किंवा फिरोजा फुटला असता.

दुसरा गुण शुभ्रतेचा. चांदीवर पडलेल्या दृश्य प्रकाशाच्या शंभर भागांपैकी नव्वदांहून अधिक भाग ती परत पाठविते. 1835 साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर देण्याची कृती शोधून काढली, ती याच गुणावर आधारलेली होती. पारदर्शक खड्याच्या पाठीशी चकाकता पत्रा बसविला असता खडा अधिक पाणीदार दिसतो, तो याचमुळे. हैदराबादच्या जुन्या बाजारात अकीक व फिरोजा यांच्या चांदीच्या अंगठ्या विपुल दिसतात. मुसलमान पुरुषांनी सोने वापरू नये असा धार्मिक संकेत असल्याने त्यांच्यात चांदीच्या अंगठीस विशेष मान आहे. आपल्याकडेही सोने पायात घालीत नाहीत. म्हणून जोडवी आणि पैंजण चांदीचेच असतात.

तथापि मऊपणा हा गुण तसाच दोषही आहे. निव्वळ चांदीची अंगठी रोजच्या वापरात वाकते, झिजते आणि कोंदण सैल होऊन खडा गळून पडतो. यासाठी चांदीत थोडे तांबे मिसळतात. हजार भागांत 925 भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे, हे प्रमाण जगभर 'स्टर्लिंग' या नावाने प्रसिद्ध आहे. नाण्यांचीही हीच कथा. 1940 पूर्वीच्या इंग्रजी अमलातील रुपयात शंभरांत सुमारे 92 भाग चांदी असे. तर चारमिनारचे चित्र असलेल्या आपल्या हाली रुपयात सुमारे 82 भाग. 2005 सालापासून भारतीय मानक संस्थेने चांदीच्या दागिन्यांसाठीही शुद्धतेची खूण सुरू केली आहे. अंगठी घेताना आतल्या बाजूस 925 हा आकडा व ती खूण पाहून घ्यावी. 'जर्मन सिल्व्हर' नावाचा जो पांढरा धातू मिळतो, त्यात मात्र चांदी मुळीच नसते. तो तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नुसत्या हवेने किंवा पाण्याने चांदी लोखंडाप्रमाणे गंजत नाही. तिचे वैर आहे ते गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. सडणाऱ्या पदार्थांतून आणि गटारांतून तो बाहेर पडतो. या वायूची चांदीशी क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइड या काळ्या पदार्थाचा पातळ पापुद्रा पृष्ठभागावर बसतो. दमट हवेत ही क्रिया जलद होते. म्हणून पावसाळ्यात दागिने लवकर काळवंडतात. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा ठेवला तर तो काळा पडतो, तोही अंड्यातील गंधकामुळेच. मिश्रणातील तांबेही काळपटपणास हातभार लावते. ग्रहांचा यात काहीही संबंध नाही.

चांदी वाटेल त्या पदार्थाने काळी पडत नाही, याचा उत्तम पुरावा बिदरच्या कलेत सापडतो. 1956 पर्यंत बिदर हैदराबाद संस्थानात व पुढे त्याच नावाच्या राज्यात होते; आता ते कर्नाटकात आहे. तेथील कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरतात आणि कोरलेल्या रेषांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप तापविलेल्या भांड्यावर चोळतात. जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो. परंतु चांदी जशीच्या तशी शुभ्र राहते. सालारजंग संग्रहालयात ही भांडी आहेत. ती प्रत्येकाने अवश्य पाहावीत.

काळी पडलेली अंगठी उजळावी कशी? अंगठीत खडा नसेल, तर ॲल्युमिनियमच्या भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकावा व अंगठी भांड्याच्या तळास टेकेल अशी ठेवावी. ॲल्युमिनियममुळे सल्फाइडातील गंधक सुटतो आणि त्यातील चांदी पुन्हा चांदीच होते. राखेने किंवा वाळूने घासल्यास मात्र धातूच झिजतो. मोती, पोवळे, फिरोजा किंवा चिकटविलेला खडा असेल, तर गरम पाणी, सोडा, चिंच, लिंबू हे सर्व वर्ज्य. मोती आणि पोवळे हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे असतात. आम्लात ते विरघळू लागतात. अशी अंगठी मऊ सुती फडक्याने पुसावी, फार तर सौम्य साबणाच्या पाण्याचा हात फिरवून लगेच कोरडी करावी आणि वापरात नसताना घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी.

आजीची अंगठी आजही आमच्या घरी आहे. मोती निस्तेज आहे आणि तो पूर्ववत होणार नाही. दर पावसाळ्यात चांदीवर काळी छटा येते. आई मऊ फडके घेते आणि हलक्या हाताने ती पुसते. आता त्या काळिम्याचे भय घरात कोणासही वाटत नाही.