मागे इंजिन, पुढे रेडिएटर

बँकेच्या सेवेनिमित्त इंग्लंडमधील लेस्टर शहरी वास्तव्य असताना आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक दांपत्य राहत असे. त्यांच्या अंगणात १९८७ सालची फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन उभी असायची. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. दिवसा बसायचे बाक रात्री पसरले की त्याची शय्या होते, कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि लहानसे बेसिन असते, छत वर उचलले की माणूस आत ताठ उभा राहू शकतो. आमच्या हिशेबी भाषेत सांगायचे, तर घसारा वजा करता करता या गाडीची पुस्तकी किंमत केव्हाच एक रुपयावर आली असती. शेजारच्या आजोबांचा जीव मात्र तिच्यात गुंतलेला होता.

एका वसंतात ते आठ वर्षांच्या नातीला घेऊन पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात गेले. परतताना मागच्या शय्येवर पहुडलेली नात डोके दुखते, मळमळते असे म्हणू लागली. गाडी लागली असेल, असे आजीला वाटले. खिडक्या उघडल्यावर मुलीला बरे वाटले. मात्र आजोबांच्या मनातून ती गोष्ट जाईना. घरी आल्यावर ते गाडीखाली शिरले, तेव्हा सायलेन्सरच्या जोडापाशी काळी काजळी जमलेली दिसली. त्याच प्रवासात एका चढावर इंजिनाच्या तापमानमापकातील लाल दिवाही लुकलुकला होता.

या गाडीचे इंजिन पाठीमागे असते आणि शय्येचा मागचा भाग त्या इंजिनाच्या झाकणावरच येतो. एक्झॉस्टमधून गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. झोपलेल्या माणसाला जाग येईलच, याची शाश्वती नसते. उन्हाळ्यात नातवंडांसह स्कॉटलंडला जाण्याचा बेत ठरलेला होता. गॅरेजचा खर्चाचा अंदाज पाहून आजोबांनी काम स्वतःच करण्याचे ठरविले आणि मदतनीस म्हणून मला बोलाविले. माझी पात्रता एम.कॉम. आणि पाना हाती धरण्याचा अनुभव वडिलांच्या स्कूटरचा प्लग साफ करण्याइतकाच!

या गाड्यांचे घराणे १९५० पासूनचे. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातील तरुण अशाच गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल असे टप्पे घेत भारतात येत. गोव्यातील हणजूणच्या किनाऱ्यावर त्या गाड्या पाहिल्याच्या आठवणी सांगणारे आजही भेटतात. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो खुष्कीचा मार्ग बंद झाला. त्या काळच्या गाड्यांना रेडिएटरच नव्हता. पंख्याच्या वाऱ्याने इंजिन थंड होई, तर आतील माणसांना ऊब मिळे ती एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती फिरवलेल्या हवेची. नळीला गंजाने भोक पडले, की ऊब आणि विष एकाच वाटेने आत येई. पुढे १९८३ च्या मॉडेलपासून पाण्याने थंड होणारे इंजिन आले. इंजिन मागेच राहिले आणि रेडिएटर मात्र गाडीच्या नाकाशी बसला. दोहोंना जोडणारे लांबच लांब पाइप गाडीच्या पोटाखालून धावतात.

इंधनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश एक्झॉस्टवाटे आणि जवळजवळ तेवढीच कूलंटवाटे बाहेर पडते, असे अभियांत्रिकीची पुस्तके सांगतात. उरलेली थोडी चाकांच्या वाट्याला येते. म्हणजे उष्णता बाहेर नेणारे मार्ग दोन. या गाडीत ते मागच्या बाजूस एकमेकांना खेटून आहेत. सायलेन्सर उतरविल्याखेरीज काही होज पाइपांपर्यंत हातच पोहोचत नाही. एकदा उतरविले आहे, तर दोन्ही कामे एकदमच उरकावीत, असे आजोबांचे म्हणणे. मला ते पटले. एकाच खर्चाचे व्हाउचर दोनदा कशाला करायचे?

सायलेन्सर सडतो तो बहुधा आतून. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापून ती वाफ निघून जाते. बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत मात्र ती आतच थिजते आणि आम्ल होऊन पत्रा खाते. बाहेरून हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ असतेच. हेडमधील स्टडांवरचे नट तर इतके गंजले होते, की पान्याने ते गोल होऊ लागले. गंज सैल करणारे तेल आम्ही सलग चार संध्याकाळी सोडले, मग नट तापवून हळूहळू फिरविले. सात सुटले, आठव्याचा स्टड मोडला. आजोबा काही न बोलता घरात गेले आणि चहा घेऊन बाहेर आले. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ड्रिल तिरके गेले, तर हेडच वाया जाते, म्हणून ते काम एका जाणत्या कारागिराला बोलावून करवून घेतले. त्याने नवे आटे पाडून दिले. मग स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर, नवे गॅस्केट आणि नवे नट बसले. गाडीखाली जाताना ती जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवायची, हा नियम आजोबांनी एकदाही मोडला नाही.

कूलंटची बाजू तुलनेने सोपी निघाली. पोटाखालच्या प्लास्टिकच्या पाइपांची टोके धातूच्या कड्यांपाशी झिजली होती. त्याऐवजी पोलादी पाइप घातले. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, सारे रबरी होज आणि दाब धरून ठेवणारे टाकीचे झाकण हेही बदलले. हे झाकण स्वस्त असते म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. झाकण ढिले पडले, की तेच पाणी १०० अंशांवर उकळू लागते. आपल्याकडे घाटात गाडी थांबवून नळाचे पाणी ओतण्याची प्रथा आहे. त्यातील क्षार रेडिएटरमध्ये साचतात आणि नुसते पाणी ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवू शकत नाही. गरम इंजिनाचे झाकण उघडून हात भाजून घेतलेला एक तरी ओळखीचा प्रत्येकाला असेलच.

खरी परीक्षा झाली ती हवा काढताना. सोळा-सतरा लिटर कूलंट भरून इंजिन सुरू केले, तर काटा चढू लागला आणि हीटरमधून मात्र थंडगार हवा येऊ लागली. पुढच्या रेडिएटरच्या माथ्याशी हवा अडकली होती. आजोबांनी तत्काळ इंजिन बंद केले. आणखी पाच मिनिटे चालविले असते, तर सारे श्रम हेडसह वाया गेले असते. इंजिन थंड झाल्यावर गाडीचा पुढचा भाग सुमारे ४० सेंटिमीटर उचलला, रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल केला आणि इंजिन पुन्हा चालविले. मी मागे टाकीत कूलंट घालत राहिलो. प्रथम फुसफुस, मग बुडबुडे आणि अखेरीस बुडबुड्यांशिवाय अखंड धार. त्या क्षणी आजोबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते मला वार्षिक ताळेबंद जुळल्यावर आमच्या मुख्य लेखापालांच्या चेहऱ्यावर दिसत असे. सांडलेला कूलंट आम्ही लगेच पुसून घेतला. तो चवीला गोड आणि कुत्र्यांना घातक असतो.

चाळीस वर्षांवरील वाहनांना तिकडे वार्षिक तपासणीतून सवलत मिळते. ती या गाडीला लाभलेली नव्हती. त्यामुळे एमओटी नावाची ही तपासणी करावी लागली आणि धुराच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. तरीही शय्येच्या उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे बॅटरीवरचे यंत्र बसविल्याशिवाय आजीने नातवंडांना आत झोपू दिले नाही.

जुलैमध्ये ग्लेन्कोहून नातीचे पत्रकार्ड आले. पाऊस पडतो आहे, आजोबा घोरतात आणि यंत्र अजून एकदाही वाजलेले नाही, एवढाच मजकूर होता. जुना सायलेन्सर माझी बदली होईपर्यंत त्यांच्या अंगणात कुंपणापाशी पडून होता. आजोबा तो टाकून द्यायला तयार नव्हते.